मेसेज वाटेत फुटत नाही, मुक्कामाला फुटतो

प्रश्न असा आहे : "मी भांडुपला राहते, नोकरी फोर्टला. गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीला व्हॉट्सॲपवर सासरच्या एका विषयाबद्दल लिहिलं होतं. त्यातली दोन वाक्यं पंधरा दिवसांनी घरातल्याच एका माणसाने मला जशीच्या तशी ऐकवली. बहीण म्हणते, मी कुणालाही दाखवलं नाही. फोन तर सतत माझ्याजवळ असतो. व्हॉट्सॲप हॅक होतं का? सिग्नल किंवा टेलिग्रामवर जाऊ का? आणि आता सगळं डिलीट केलं तर ते खरंच जातं का?"

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो घाईचा आहे. आत्ता काही डिलीट करू नका, आणि फोन फॉरमॅट तर मुळीच करू नका. घाबरलेला माणूस पहिलं काम हेच करतो आणि मग माझ्यासारख्याकडे येऊन विचारतो, कोणी वाचलं ते शोधून द्या. पाटी पुसल्यावर अक्षर कुणाचं होतं हे मी कसं सांगणार? आधी बघायचं, त्याचा फोटो काढून ठेवायचा, मग बदल करायचे. शक्यतो फोटो दुसऱ्या फोनने काढा.

मी गेली अठरा वर्षं बंद पडलेल्या डिस्कमधून आणि फोनमधून माहिती काढायचं काम करतो. सुरुवात लॅमिंग्टन रोडवरच्या एका पोटमाळ्यावर झाली, आता बरंचसं काम वकिलांकडून येतं. या काळात "माझं चॅट फुटलं" म्हणून आलेल्या जेवढ्या लोकांचं प्रकरण मी शेवटपर्यंत पाहिलं, त्यांत व्हॉट्सॲपचं कुलूप कुणी फोडलंय असं एकदाही निघालं नाही. एप्रिल २०१६ पासून तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन सगळ्यांना आपोआप लागू आहे. तुमचा मेसेज तुमच्या फोनवर बंद होतो आणि बहिणीच्या फोनवर उघडतो. मधली सिमकार्डची कंपनी, स्टेशनावरचं वायफाय, स्वतः व्हॉट्सॲपची मालक मेटा कंपनी, कुणालाही आतला मजकूर दिसत नाही. २०१९ मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने जगभरातल्या सुमारे १,४०० लोकांच्या फोनवर हल्ला झाल्याचं व्हॉट्सॲपनेच जाहीर केलं होतं, पण तेही फोनमध्ये शिरण्यासाठी होतं. शिवाय ते सरकारांना विकलं जाणारं महागडं हत्यार आहे. नणंद-भावजयीच्या भांडणात ते कोणी वापरत नाही.

तेव्हा वाट सोडून द्या आणि मुक्काम मोजा. तुम्ही लिहिलेली ती दोन वाक्यं या क्षणी कुठे कुठे पडून आहेत? तुमचा फोन, बहिणीचा फोन, तुमच्या किंवा तिच्या व्हॉट्सॲपला जोडलेला एखादा कॉम्प्युटर, दोघींचे बॅकअप. यातल्या एखाद्या ठिकाणी कोणीतरी निवांत बसून ती वाचली आहेत.

माझा पहिला संशय नेहमी जोडलेल्या उपकरणांवर असतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. एका खात्याला फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात, आणि एकदा जोडली की तुमचा फोन बंद असला तरी ती चालत राहतात. मूळ फोन १४ दिवस वापरलाच नाही तर ती सुटतात, पण आपला फोन १४ तास तरी बंद राहतो का? यादीत प्रत्येक उपकरणाचं नाव दिसतं, म्हणजे 'क्रोम, विंडोज' वगैरे, आणि ते शेवटचं कधी वापरलं गेलं तेही दिसतं. ही वेळ सोन्यासारखी असते. तुम्ही फोर्टला ऑफिसात असताना दुपारी अडीच वाजता घरच्या विंडोजवर तुमचं व्हॉट्सॲप चालू असेल, तर पुढचं शोधायला माझी गरज नाही.

मस्जिद बंदरच्या एका व्यापाऱ्याचं प्रकरण सांगतो. त्याने गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव तासाभरात शेजारच्या गाळ्यात पोहोचायचा. त्याने तीन वेळा फोन बदलला होता, एकदा सिमही बदललं. यादी उघडली तर गोदामातल्या कॉम्प्युटरवर त्याचं व्हॉट्सॲप वेब चालू. ई-वे बिलाची प्रिंट काढायला कधीतरी कारकुनाने जोडून घेतलं होतं आणि मग ते तसंच राहिलं. फोन बदलला की नव्या फोनवर पुन्हा तेच: "मालक, जरा स्कॅन करा ना, प्रिंट काढायची आहे." शेठने स्वतःच तीनदा दार उघडून दिलं होतं. कोर्टाजवळच्या आणि कॉलेजांजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत हे रोज घडतं. रांग लागलेली असते, दुकानदार म्हणतो वेब लावा, आपण स्कॅन करतो, दहा रुपयांची प्रिंट घेऊन निघतो आणि मागे आपली सगळी चॅट त्या कॉम्प्युटरवर उघडी. प्रिंट हवी असेल तर फाईल दुकानाच्या मेलवर पाठवा. त्यातही आधारकार्ड असेल तर पाठवलेला मेल दुकानातच डिलीट करून घ्या. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

आता तुम्ही म्हणाल, जोडायला माझा फोन लागतो, आणि तो माझ्याजवळच असतो. खरंय, जोडताना फोन बोटाचा ठसा किंवा पिन मागतो. पण आपल्या घरांतला पिन म्हणजे जवळजवळ रेशनकार्डावरची नोंद, कुटुंबातल्या सगळ्यांना ठाऊक. पोराला यूट्यूब लावायचं असतं, सासऱ्यांना गॅसचा नंबर लावायचा असतो, तुम्ही पोळ्या लाटताना ओरडून चार आकडे सांगता. आणि "सतत माझ्याजवळ" यात आंघोळीची वीस मिनिटं आणि रात्रीचे सहा तास धरलेले नसतात. झोपलेल्या माणसाचं बोट सेन्सरवर टेकवून फोन उघडल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. उपकरण जोडायला अर्धं मिनिट पुरतं, आणि जोडलं की मागचेही बरेच मेसेज तिकडे उतरतात. क्यूआर कोडशिवाय आठ अक्षरांचा कोड टाकूनही जोडता येतं. त्यामुळे कोणी फोनवर गोड बोलून "आलेला कोड व्हॉट्सॲपमध्ये टाका" म्हणालं, तर ती व्यक्ती तुमचं खातं आपल्या कॉम्प्युटरला जोडतेय हे ओळखा.

यादी कोरी निघाली, तर जीमेल उघडा आणि पाठवलेल्या मेलमध्ये 'व्हॉट्सॲप चॅट' असं शोधा. व्हॉट्सॲपमध्ये अख्खं संभाषण बाहेर पाठवायची सोय आहे, 'एक्स्पोर्ट चॅट' नावाची. घाईत असलेला माणूस ते तुमच्याच जीमेलवरून स्वतःला पाठवतो, आणि 'सेंट'मधून पुसायला विसरतो. कचराकुंडीचा फोल्डरही बघा, तिथे ३० दिवस राहतं.

मग येतं ते मराठी घरांतलं एक खास प्रकरण. एकच गूगल खातं, चार माणसं. मुलाने दहावीत असताना आईच्या फोनवर खातं काढून दिलं, तेच बाबांच्या फोनवर टाकलं, तेच हॉलमधल्या टीव्हीवर, तेच टॅबवर. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो गॅलरीत आपोआप उतरतात, गॅलरी गूगल फोटोजवर चढते आणि तुमच्या बहिणीने पाठवलेला स्क्रीनशॉट रात्री टीव्हीच्या पडद्यावर इतर फोटोंच्या ओळीत फिरतो. तुम्ही वाक्यं लिहून पाठवली होती, पण बहिणीने त्यांचा स्क्रीनशॉट तुम्हाला परत पाठवून "हे असं म्हणाले?" विचारलं होतं का, आठवून बघा. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात 'तुमची उपकरणं' ही यादी असते. त्यात ओळखू न येणारं किंवा सामायिक असलेलं जे काही असेल त्याचा फोटो काढा. व्हॉट्सॲपच्या चॅट सेटिंगमधलं 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केलं की नवे फोटो गॅलरीत उतरत नाहीत. आयफोनवर त्यालाच 'सेव्ह टू फोटोज' म्हणतात. आणि स्वतःचं वेगळं खातं काढा हो. घरात प्रत्येकाचा टूथब्रश वेगळा असतो, मग खातं एकच कशाला?

बॅकअपबद्दल थोडं. अँड्रॉइडचा बॅकअप गूगलवर जातो, आयफोनचा ॲपलच्या आयक्लाउडवर. वाटेतलं ते भक्कम कुलूप या बॅकअपला आपोआप लागत नाही, आपण लावावं लागतं. ही सोय २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आली, तरी आजही माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक फोनांत ती बंदच असते. २०२० मध्ये मुंबईतल्या चित्रपटसृष्टीतल्या काही जणांची जुनी चॅट टीव्हीवर वाचली जात होती, तेव्हा सगळीकडे एकच हाकाटी होती की एन्क्रिप्शन फुटलं. कंपनीने तेव्हा एवढंच म्हटलं होतं की मेसेज वाटेत सुरक्षित आहेत, फोनवर साठलेल्या गोष्टींसाठी चांगला पासवर्ड आणि बोटाचा ठसा वापरा. चॅट सेटिंगमध्ये बॅकअपखाली 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करा. पासवर्ड द्या किंवा ६४ आकडी किल्ली घ्या. पण ती कागदावर लिहून बँकेच्या पासबुकासोबत ठेवा, कारण फोन हरवला आणि पासवर्डही विसरलात तर बॅकअप उघडून देणं कंपनीच्याही हातात नाही. एका काकांचा दिवंगत पत्नीबरोबरचा सहा वर्षांचा संवाद असाच कायमचा बंद झाला. त्यांना नाही म्हणून सांगताना माझ्याच घशात आवंढा आला होता.

फोन न उघडताही वाचता येतं ही गोष्ट लोक विसरतात. फोन लॉक असताना वर उमटणाऱ्या सूचनेत बहुतेकदा दोन ओळी दिसतात. तुम्हाला ऐकवली गेली ती वाक्यं दोनच होती, म्हणून ही शक्यता मी सोडत नाही. मात्र तुमच्या फोनवर तुमची वाक्यं उमटत नाहीत, बहिणीची उमटतात. तुमची वाक्यं उमटली असतील ती तिच्या फोनवर, तिच्या घरात, तिच्या ओट्यावर. दोघींनी सूचनांमधला मजकूर लपवायची सेटिंग करा. अँड्रॉइडमध्ये 'नोटिफिकेशन हिस्टरी' नावाची एक वहीसुद्धा असते. ती चालू असेल तर गेल्या २४ तासांतल्या सूचना तिथे वाचता येतात, मेसेज नंतर डिलीट झाला असला तरी.

म्हणून बहीण खरं बोलत असली, तरी तिचा फोन तपासल्याशिवाय तपास पुरा होत नाही. वर सांगितलेलं सगळं तिच्या फोनवरही करा. तिला राग येईल, तिच्यावर संशय घेतलात असं वाटेल. तिला सांगा, संशय तिच्यावर नाही, तिच्या फोनला जोडलेल्या कॉम्प्युटरवर आहे. संवादाची अर्धी किल्ली कायम समोरच्याकडे असते. तुम्ही तुमच्या बाजूला सात दरवाजे लावलेत आणि तिचा फोन पाच वर्षांचं पोर गेमसाठी घेऊन फिरतंय, तर काय उपयोग?

आता सिग्नल-टेलिग्राम. टेलिग्रामला लोक गुप्ततेचा किल्ला समजतात, पण त्याचं साधं चॅट एंड-टू-एंड नसतं, ते कंपनीच्या सर्व्हरवर राहतं. वेगळं 'सीक्रेट चॅट' उघडलं तरच तसं कुलूप लागतं, आणि ग्रुपला तर ते लागतच नाही. इन्स्टाग्रामच्या साध्या मेसेजांनाही ते आपोआप नसतं. सिग्नल खरोखर चांगलं आहे, कारण ते आपल्याबद्दल जवळजवळ काही साठवतच नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत एका ज्यूरीने माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. व्हॉट्सॲपवर मजकूर बंद असला तरी तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता ही बाजू कंपनीला दिसते. व्हॉट्सॲपच्या २०२१ मधल्या धोरणबदलावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला, तो वाद अशाच माहितीच्या वापराचा होता. पण तुमच्या अडचणीला ॲप बदलणं हे औषध नाही. तुमचा पिन माहीत असलेल्या माणसाला सिग्नलही उघडता येईल, आणि नवं ॲप दिसलं की "हे कशाला घेतलंस?" हा प्रश्नही येईल.

डिलीट केलेलं जातं का? 'सगळ्यांसाठी डिलीट' करायला साधारण अडीच दिवसांची मुदत मिळते, त्यानंतर ते फक्त तुमच्याच फोनवरून जातं. मुदतीत केलं तरी पळवाटा राहतात. कोणी तुमचं वाक्य पकडून उत्तर दिलं असेल, तर मूळ वाक्य गेल्यावरही त्या उत्तराच्या डोक्यावरच्या चौकटीत ते तसंच दिसतं. आपोआप गायब होणारे मेसेज मला त्यापेक्षा बरे वाटतात. २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असे पर्याय आहेत. बहिणीशी बोलण्यासाठी ७ दिवस लावा, पण हा तपास संपल्यावर. २०२५ मध्ये आलेलं 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू केलं की समोरच्याला चॅट एक्स्पोर्ट करता येत नाही. स्क्रीनशॉट मात्र निघतोच, आणि दुसऱ्या फोनने काढलेला फोटो तर कोणतंही ॲप अडवू शकत नाही.

जाता जाता दोन गोष्टी, तुमच्या प्रश्नात नसल्या तरी. एक, व्हॉट्सॲपचा सहा आकडी 'टू-स्टेप' पिन आजच लावा, आणि तो फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा. कुरिअरवाला म्हणून कोणी *४०१* ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगायचा, त्याने आपले कॉल भलतीकडे वळायचे आणि व्हॉट्सॲपचा ओटीपी कॉलवरून चोराला मिळायचा. दूरसंचार विभागाने अशा कोडने कॉल वळवणं १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावलं, पण तो पिन असता तर नुसत्या ओटीपीने काही साधलंच नसतं. दोन, फोन दुरुस्तीला देताना पिन सांगू नका. सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि गूगल पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' असतो. तो लावला की दुकानदाराला कोरा फोन दिसतो, तुमचं सगळं आत बंद राहतं. माझ्याच धंद्यातल्या लोकांबद्दल बोलतोय, म्हणून जबाबदारीने सांगतो: बहुतेक जण सरळ असतात, पण स्क्रीन बदलणाऱ्याला तुमच्या गॅलरीची गरज नसते.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर दुसऱ्याच्या फोनमधून त्याच्या परवानगीशिवाय माहिती काढणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा होऊ शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण त्याच न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये असंही म्हटलं की पती-पत्नीतलं चोरून केलेलं रेकॉर्डिंग वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं. तेव्हा "चोरून वाचलंय, कोर्टात चालणार नाही" या भरवशावर काही लिहू नका. तुम्हालाच उद्या तक्रार करायची वेळ आली, तर नुसते स्क्रीनशॉट अपुरे पडू शकतात. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन जागेवर असला तर ते काम सोपं होतं. फॉरमॅट नको म्हणालो ते यासाठीही. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, आणि ती करायला १९३० या सायबर हेल्पलाइनवर मदत मिळते.

आता सगळ्यात नाजूक भाग. यादीत घरातलं उपकरण सापडलं, तर तुम्ही ते काढून टाकताक्षणी समोरच्या माणसाचा पडदा कोरा होतो आणि त्याला कळतं की तुम्हाला कळलंय. नुसता चोंबडेपणा असेल तर खुशाल काढा, पिन बदला, त्याच दिवशी. पण घरात आवाज चढतो, हात उगारला जातो, असं काही असेल, तर आधी मुक्कामाची, पैशांची आणि कागदपत्रांची सोय बघा, १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा मुंबई पोलिसांच्या १०३ वर बोलून घ्या, आणि मग काढा. तोपर्यंत त्या चॅटवर दूध-भाजीचं बोलणं चालू राहू द्या, अचानक शांतता पसरली की तीही नजरेत भरते. आणि या सगळ्याबद्दल बहिणीला कळवायचं असेल तर ते व्हॉट्सॲपवर लिहू नका. उद्या दुपारी ऑफिसच्या फोनवरून तिला फोन करा.